परीक्षेला बाहुली नव्हती

प्रिय ताई,

सोमवारी सकाळी देवापुढे दिवा लावला आणि नर्सिंग स्कूलला गेलो. प्रात्यक्षिक परीक्षा होती. पण सरावाची रबरी बाहुली असते त्या खोलीला मी कुलूप घातलं आणि मुलींना घेऊन बरखेड्यातल्या कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये गेलो. हे तुला सांगायलाच हवं, म्हणून लिहितोय.

तू कारखान्याच्या दवाखान्यातली नर्स, मी नर्सिंगचा मास्तर. तू म्हणायचीस, "मास्तर, तुझ्या मुली चादरीचे कोपरे झकास दुमडतात, पण कुणाच्या घरात दिलेलं पाणी घेत नाहीत. पाणी नाकारणाऱ्याला कोण दुखणं सांगेल रे?" मी हसून सोडून द्यायचो.

मग तुझंच खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यातून घरी आलीस त्या दिवशी आमचीच एक विद्यार्थिनी आली. दर दोन तासांनी कूस बदलायची, असा सुबक तक्ता तिने करून दिला. शेजारच्या दुबेआंटी बसल्या होत्या. त्यांनाच घरचं समजून तक्ता त्यांच्या हातात ठेवला, आणि पाणी न घेता गेली. संध्याकाळी तू मला म्हणालीस, "तक्ता छान आहे. मला वळवणार कोण, भिंत?"

घरात तू एकटीच होतीस; सोबत कोण आहे, हे तिने विचारलं नाही. मी ते कधी शिकवलंच नव्हतं. बाहुलीला कुठे घर असतं? आणि मी तरी काय केलं? कोलार रोडवरच्या माझ्या घरून यायचो, चहा पिऊन परत जायचो. पडून राहून पाठीला झालेली जखम तू जाईपर्यंत भरली नाही. बाहुलीवरच्या परीक्षेत त्या मुलीला मी पैकीच्या पैकी गुण दिले होते. तू होतीस तोवर हे तुला सांगायचं धैर्य झालं नाही, ताई.

सोमवारी एका निवृत्त फिटरच्या घरी गेलो. त्यांना लकवा झालाय. सुनीता नावाची विद्यार्थिनी दारातच कुजबुजली, "सर, यहाँ ट्रॉली कहाँ रखूँ?" मी तिला पुढे जाऊ दिलं. तिने चपला काढल्या, पाणी घेतलं, जमिनीवर बसली आणि फिटरच्या बायकोला विचारलं, "अम्मा, घर में कौन-कौन है?"

"मैं हूँ, और ये हैं. मुझसे अकेले पलटते नहीं, बेटी."

सुनीताने जुनी साडी मागितली, घडी करून फिटरच्या पाठीखाली सरकवली आणि एकट्या बाईने ती ओढून माणूस कसा वळवायचा ते दाखवलं. दोनदा अम्मांकडून करून घेतलं.

मी शिकवतोय तोवर कुणाचीही परीक्षा बाहुलीवर होणार नाही, हा माझा शब्द. गुणपत्रिकेतला पहिला रकाना मी बदललाय. तिथे आता लिहिलंय : घरी कोण आहे, हे विचारलं का?

तुझा मास्तर,
वसंता