उंच ओटा, बुटका ओटा

चि. धाकटीस, दादाचे भरभरून आशीर्वाद. तुझा गुडघा आता कुरकुर न करता जिने चढत असेल, आणि मेहुण्यांचा खोकलाही बसला असेल. इकडे आम्ही उभयता मजेत आहोत (पैकी एक जण जरा जास्तच, ते पुढे येईल).

तर आमचं स्वयंपाकघर एकदाचं नवं झालं. तुझ्या वहिनीला सगळं दाराआड हवं, मला डबे डोळ्यांसमोर हवेत (डबा दिसला नाही की मला तो संपलाच वाटतो आणि मी नवा आणतो). शिवाय ती माझ्या खांद्याला लागते, म्हणजे ओट्याच्या उंचीवरून वेगळी जुंपली. शेवटी सुतार वैतागून म्हणाला, "काका, शेगडीची बाजू काकूंच्या मनासारखी, सिंकची तुमच्या. आता मला रंधा मारू द्या!" (भांडी हल्ली मी घासतो, हे तुला ठाऊक आहेच.)

पण मला आपलं वाईट वाटलं. बिचारी इतकी वर्षं टाचा उंचावून राबली. म्हणून सुताराला जिन्यात गाठून सांगितलं, माझी बाजूही तिच्या मनासारखी कर, बुटकी आणि बंद. आता गंमत बघ. तिनेही त्याला गाठून स्वतःची बाजू माझ्या मनासारखी करायला सांगितलेलं, उंच आणि उघडी! सुतार पोटात ठेवणारा. कुणाचं कुणाला कळू न देता दोन्ही करून मोकळा झाला.

पहिल्या दिवशी ती स्टुलावर चढून दुधावर लक्ष ठेवतेय आणि मी कमरेत मोडून कप विसळतोय. हसता हसता दूध उतू गेलं. मग तीच म्हणाली, "अहो, जागा बदलू या की!" बदलली. आता ती सिंकपाशी ताठ उभी राहून गुणगुणत भांडी घासते आणि शेगडीपुढे मी. डबे सगळे दिसतात, पण त्यांचं करायचं काय ते दिसत नाही. काल भात उलथन्याने खरवडून वाढला. ती काही न बोलता जेवली, आणि त्याचीच मला धास्ती बसलीय. असो.

तुझा,
दादा

ता. क. आठ दिवस राहायला ये. गुडघ्याला हवापालट होईल, आणि वहिनीचा डोळा चुकवून मला चार पदार्थ शिकव. मला आपोआप जमतंय असं तिला वाटलं पाहिजे.

ता. क. (वहिनीकडून) वन्सं, पाकीट चिकटवायला माझ्याकडेच आलं. या जरूर, पण शिकवायची घाई नको. यांचं जिन्यातलं बोलणं सुताराने मला तेव्हाच सांगितलं होतं. माझी बाजू मी त्यानंतर ठरवली. भात खरंच वाईट होता, पण समोर आयता आला होता. स्टूल मी माळ्यावर टाकलंय.