दसऱ्याचे तेल आणि मुकी बंदूक

भिलाई

सौभाग्यवती अन्नपूर्णा हिस पंजाबरावाचे अनेक आशीर्वाद.

गोदामावरील माझी नोकरी कायम आहे, हे प्रथम वाचावे आणि मगच पुढे जावे.

सोमवारी आम्हां पहारेकऱ्यांच्या बंदुकांची तपासणी झाली. ज्याचा बार उडणार नाही, त्याच्या हाती काठी येणार होती. मी चाप ओढला. नुसते टिक् झाले. नियमाप्रमाणे नळी मातीच्या ढिगाकडेच धरून थांबलो व दुसरे काडतूस भरले. पुन्हा टिक्.

साहेबांनी काडतूस हुंगले. म्हणाले, "दादाजी, इसमें तड़का लगाया है क्या?"

दसऱ्याच्या पूजेत मी बंदुकीबरोबर काडतुसांनाही तू दिलेल्या जवसाच्या तेलाने न्हाऊ घातले होते. ते आत मुरून दारू भिजली. यात तुझा दोष नाही; तेल उत्तम होते.

अखेर साहेबांनी कोरडे काडतूस दिले. मग असा बार उडाला की पलीकडच्या जामुल गावची कुत्री भुंकू लागली. निशाण लागले किंवा नाही, हे साहेबांनी विचारले नाही व मीही विषय काढला नाही.

तुझा गुडघा कसा आहे? सूनबाईस हे पत्र बार उडाल्यापासून पुढेच वाचून दाखवावे.

तुझा काळजीवाहू,
पंजाबराव