नसलेली गळती परस्पर बंद केल्याबद्दलची नोटीस

दिनांक : ११ फेब्रुवारी २००८

प्रति,
मा. उपनिबंधक साहेब,
सहकारी संस्था, पुणे शहर.

अर्जदार : श्रीधर गोपाळकृष्ण नातू, निवृत्त वरिष्ठ लिपिक (पाटबंधारे), पहिला मजला, अमृतवर्षा सहकारी गृहनिर्माण संस्था, धायरी.

विषय : न्हाणीघराच्या छतातील, संस्थेच्या मते नसलेली, गळती बंद केल्याबद्दल मिळालेली नोटीस रद्द होणेबाबत.

संदर्भ : संस्थेचे अध्यक्ष श्री. श्यामसुंदर वैशंपायन यांची, अर्जदाराच्या दारावर डिंकाने चिकटवलेली नोटीस.

महोदय,

१. सविनय सादर की, अर्जदाराच्या न्हाणीघराचे छत दिवाळीपासून गळत होते. वरच्या मजल्यावर श्री. सौरभ वाघमारे व सौ. चैताली हे संगणक कंपनीतील दांपत्य राहते. त्यांची आंघोळ सुरू झाली की खाली अर्जदारासही ती घडत असे. सबब अर्जदार आत जाताना छत्री नेत असे. "बाहेर निघालात की आत?" असे अर्जदाराची पत्नी सौ. सुहासिनी रोज विचारीत. त्यांना उत्तर माहीत होते.

२. सौरभ हा मुलगा गुणी. तक्रार ऐकताच म्हणाला, "काका, फरशीचे सांधे उघडे पडलेत. शनिवारी भरून टाकतो." तो सीलंट आणण्यास गेला आणि रिकाम्या हाताने परतला. पूर्वी सांधे भरायचे म्हणजे व्हाइट सिमेंट. दुकानदार दुसरे काही विचारतही नसे. आता बाजारपेठ खुली झाल्यापासून सिलिकॉन, अॅक्रिलिक, इपॉक्सी, शिवाय प्रत्येकात बुरशी धरणारे व न धरणारे. सौरभने या सर्वांचा तुलनात्मक तक्ता केला व संस्थेच्या सभेत पडद्यावर दाखवला. छत गळतच होते.

३. सभेत दोन पक्ष पडले. व्हाइट सिमेंट पक्षाचे नेतृत्व अर्जदाराने केले, हे तो नाकारीत नाही. नळीतून निघणाऱ्या पदार्थाने दात घासावेत, घरे बांधू नयेत, असे मत त्याने मांडले. त्यावर सिलिकॉन पक्षातून "मग तुमच्या खात्याचे कालवे का गळायचे, काका?" अशी पृच्छा झाली, जी वैयक्तिक होती. अखेर अध्यक्षांनी तोडगा काढला, की अर्ध्या सांध्यांत सिमेंट भरावे व अर्ध्यांत सिलिकॉन. तसे भरले.

४. ते वाळेपर्यंत वर पाणी सांडायचे नव्हते, म्हणून वाघमारे दांपत्य आंघोळीस अर्जदाराकडे आले. सौरभ डोके पुसत बाहेर आला तो हर्षभरित. "काका, आख्खी आंघोळ झाली, वरून एक थेंब नाही! झालं काम!" त्या वेळी वर कोण आंघोळ करीत होते, असे अर्जदाराने विचारले. "कोणीच नाही," असे म्हणून तो कंपनीची बस पकडण्यास धावला व बसमधूनच त्याने अध्यक्षांना फोन केला. संध्याकाळी कमिटीने गळती बंद झाल्याचा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर केला. अर्जदाराने हरकत घेतली असता अध्यक्ष म्हणाले, "नातू, ठराव झालाय. आता पाणी आलं तर ते तुमचं."

५. पाणी आले. सिमेंट व सिलिकॉन जेथे एकमेकांस भेटत होते, तेथे कोणी कोणास धरीना. दोन्ही पक्षांनी ते आपल्या हद्दीबाहेर असल्याचे कळवले. तेव्हा अर्जदाराने सौरभला विनंती केली, की आता तू खाली बस, मी वर आंघोळ करतो. निरीक्षणे टिपण्यासाठी तो कंपनीचा लॅपटॉप मांडीवर घेऊन, ऑफिसच्या कपड्यांत, न्हाणीघरातील स्टुलावर बसला. वरती फवारा आहे. अर्जदाराच्या आयुष्यातील तो पहिलाच असल्याने त्यास खालच्या हाका ऐकू आल्या नाहीत. शेवटी सौरभ ओलाचिंब वर आला आणि दार बडवून ओरडला, "काका, बास! पटलं!"

६. त्यानंतर तक्ता कोणी उघडला नाही. सौरभने स्क्रू ड्रायव्हरने दोन्ही पक्ष खरवडून काढले. सौ. चैतालींनी केस वाळवण्याच्या यंत्राने फरशी खडखडीत वाळवली. अर्जदाराने बॅटरी धरली. सुहासिनीबाईंनी पोहे पाठवले. सांध्यांत सर्वत्र एकच सीलंट भरले आणि यावेळीही वाळेपर्यंत वर कोणी पाणी सांडले नाही. गळती थांबली.

७. यावर संस्थेची नोटीस अशी : "गळती नसल्याचा ठराव कमिटीने केलेला असताना आपण ती परस्पर बंद केली आहे. सबब, ती आपण कोठून आणली, याचा लेखी खुलासा करावा." सौरभलाही अशीच नोटीस आहे. तो म्हणतो, "काका, आपण राजीनामा द्यायचा का?" कशाचा, हे दोघांनाही ठाऊक नाही.

८. तरी विनंती की, सदर नोटीस रद्द व्हावी. ते शक्य नसल्यास गळती पूर्ववत करण्याचा आदेश व्हावा. अर्जदार कायदा मानणारा आहे. मात्र त्याने चाकू, उलथने व खोबऱ्याची किसणी लावून प्रयत्न करून पाहिला असून सिलिकॉन निघत नाही. व्हाइट सिमेंट एव्हाना निघाले असते, हे नमूद करताना अर्जदारास यातना होत आहेत.

आपला नम्र व तूर्त कोरडा,

(सही)
श्रीधर गोपाळकृष्ण नातू

सोबत : मूळ नोटीस. तिला दाराचा रंग लागून आला आहे. तो परत मिळावा.