सगळी रताळीच ना?

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? भाऊजींचा खोकला कसा आहे? इकडे सगळे मजेत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. माझं मात्र डोकं फिरलंय.

एकोणीस वर्षं मी कंदपिकांच्या केंद्रात रताळ्यांची चौऱ्याऐंशी वाणं सांभाळली. एक वाण आठवडाभर पाण्यात तग धरतं, एकाला खारी जमीन चालते, एक इतकं कुरूप की त्याला मी 'सासरेबुवा' म्हणतो (हे तुझ्या भावजयीला कळवू नकोस). प्रत्येकाचे वेल दरवर्षी नव्याने लावायचे. एक हंगाम चुकला की ते वाण कायमचं गेलं.

तर नवे साहेब आले, वाफ्यांतून एक चक्कर मारली आणि म्हणाले, "सगळी रताळीच ना? मग एवढी नाटकं कशाला? सगळ्यांत मोठं ठेवा, बाकीची उपटा."

मी म्हटलं, "आणि उद्या त्या एकालाच कीड लागली तर?"

"औषध मारू!"

आठवड्यात ट्रॅक्टर फिरला. मी त्याच्यापुढे धावत वेल तोडत होतो (ड्रायव्हर भला माणूस, पहिल्या गिअरच्या वर गेलाच नाही). एकोणऐंशी वाणं घरी आणली. पाच हुकली. खाऱ्या जमिनीतलं त्यातच गेलं. ते आता कुठून आणू, सांग!

घरात डबे, बादल्या, पातेली, सगळीकडे वेल. आंघोळ करायची तीही पानं बाजूला सारून. आणि तिकडे साहेबांच्या धिप्पाड रताळ्यात भुंगा शिरला. एकच वाण, त्यामुळे त्याला कुठे अडायचं कारणच नव्हतं. अख्खं शेत पोखरलं. मग साहेब माझ्या न्हाणीघरात उभे! "यातलं कीड न लागणारं कुठलं हो?" मी सासरेबुवांचा एक वेल तोडून दिला.

अहवालात काय लिहिलं असेल? 'आमच्या दूरदृष्टीमुळे वाण वाचले.' आणि मला नोटीस, केंद्राचे वेल घरी नेल्याबद्दल! वर हुकूम, आता सगळीकडे हे सासरेबुवाच लावा, बाकीची सोमवारी आणून खड्ड्यात टाका. म्हणजे हा माणूस एवढं होऊन काडीचंही शिकला नाही!

असो. भाऊजींना नमस्कार सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्र आणून देणारा टेम्पोवाला अजून दारातच असेल. त्याला गच्चीची किल्ली दे. एकोणऐंशी कुंड्या आहेत, मोजून घे.

ता. क. २ टेम्पोवाल्याशेजारी पिशवीआड तोंड लपवून बसलाय तो मीच. 'वेल जातील तिकडेच तुम्हीही जा,' असं तुझी भावजय म्हणाली. आधी त्यांना पाणी घाल, मग मला दे.