डाव्या गालाची तयारी

५ तारीख, सोमवार
आज ती मामाच्या चष्म्याच्या दुकानात आली. समोरच्या नर्सिंग कॉलेजची, चष्म्याची दांडी सैल झालेली. स्क्रू आवळून मी चष्मा तिच्या कानांवर बसवला, तर ती माझ्याकडे टक लावून बघतेय. चेहऱ्याकडे नाही, मानेकडे. म्हणाली, किती छान मान आहे रे तुझी! आजवर माझ्या मानेबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. मामा फक्त 'मान खाली घालून काम कर' एवढंच म्हणतो.
पंधरा तारखेला तिची प्रॅक्टिकल आहे. डोकं, चेहरा आणि मान तपासायची. सरावाला आणि परीक्षेला पेशंट म्हणून माणसं हवीत. तिचं वाक्य संपायच्या आत मी हो म्हणालो.
संकल्प: रोज मानेला साबण. कॉलर उघडी.

७ तारीख, बुधवार
संध्याकाळी त्यांच्या लॅबमध्ये. तिथे प्लॅस्टिकचा पुतळा आहे, पण त्याला गिळता येत नाही. मला येतं. ती माझ्या मागे उभी राहिली, दोन्ही हातांची बोटं गळ्यावर ठेवली आणि म्हणाली, पाण्याचा घोट तोंडात धर, सांगेन तेव्हा गिळ. गिळताना थायरॉइड वर सरकते, ती बोटांना कळते म्हणे. मी पाण्याचा अख्खा जग संपवला. समोर का नाही उभी राहिली, हे न कळायला मी काय दूधखुळा आहे? लाजते. ती म्हणते पुस्तकातच मागून तपासा असं दिलंय. असेल, पुस्तक लिहिणारीही लाजाळूच असेल.
एवढ्यात तिने त्याला हाक मारली. तिचा प्रॅक्टिकल पार्टनर. मी त्याला जिराफ म्हणतो, कारण खांद्यापासून हनुवटीपर्यंत पोचायला त्याच्याकडे बस लागेल. ये ना, बघ, हा इतका हडकुळा आहे की सगळं हाताला लागतं, असं म्हणाली. वर त्याची बोटं हातात धरून तिने योग्य जागी ठेवून दिली. माझ्या मानेवर त्या दोघांचे हात! माझ्या!
घरी येऊन आरशात बघितलं. हडकुळा नाही. रेखीव आहे.

९ तारीख, शुक्रवार
सहज विचारल्यासारखं विचारलं, एवढी लांबलचक मान आयती असताना माझी कशाला? तर म्हणाली, त्याची गेल्याच आठवड्यात झाली.
झाली!
दिवसभर डोक्यात तेवढंच. एका आजोबांना बाईंचा चष्मा घातला, ते तसेच निघाले होते. मामा म्हणाला, राजे, कॉलेज सोडलंत तेव्हा प्रोफेसरला तुमची किंमत कळत नव्हती. आता गिऱ्हाइकालाही कळू द्यायची नाही का? मी ताडकन बाहेर पडलो. कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आलो, कारण डबा दुकानातच होता.

१२ तारीख, सोमवार
परीक्षेच्या जोड्या लागल्या. मी जिराफाच्या वाट्याला! ती शेजारच्या पडद्यामागे, कुणा वॉचमनला तपासणार.
आधी वाईट वाटलं. मग डोकं चाललं. माझं चालतं, फक्त वेळ लागतो. चेहरा तपासताना भुवया उचलायला सांगतात, गाल फुगवायला, दात दाखवायला. दोन्ही बाजू सारख्या हलायला हव्यात. माझा डावा गाल हलणारच नाही! जिराफाने मला आधी तपासलंय, त्यामुळे डोळे झाकून 'सगळं ठीक' लिहील आणि नापास होईल. मग तिला कळेल, कुणाची नजर किती तयार आहे ते.
दुकानात आरसेच आरसे, सरावाला तोटा नाही. उजवीकडून हसायचं, डावीकडे मयत झाल्यासारखं. मामाने विचारलं, दाढ दुखते का रे? एक बाई फ्रेम न घेताच गेल्या.

१३ तारीख, मंगळवार
गाल तयार. भुवया मात्र दोन्ही उडतात, ऐकतच नाहीत. उडोत. भुवया कोण बघतो?

१५ तारीख, गुरुवार
भुवयाच बघतात.
जिराफाने हात धुतले, परवानगी मागितली, केसांतून बोटं फिरवली. सगळं कसं गोड गोड. मग म्हणाला, दात दाखवा. मी अर्धेच दाखवले. तो थबकला. पुन्हा दाखवायला लावले. भुवया उचला म्हणाला, त्या दोन्ही उडाल्या. तर याचा चेहरा पांढराफटक! धावत मॅडमकडे. खालचा डावा चेहरा पडलाय, कपाळ ठीक आहे, म्हणजे चेहऱ्याची नस नाही, मेंदूत काहीतरी असेल, म्हणाला. कपाळाचा मेंदूशी असा संबंध असतो हे मला कुणी सांगितलं होतं? मॅडमने कॅज्युअल्टीला फोन लावायला सांगितला. चाकाची खुर्ची आली. हात वर करा म्हणाल्या, केले. नाव विचारलं, पण अर्ध्या तोंडाने माझं नाव नीट येत नाही. तेवढ्याने सगळे आणखीच घाबरले.
तेवढ्यात पडदा सरकला आणि ती! आपला पेशंट, आपली परीक्षा अर्धवट टाकून धावत आली होती. माझा हात घट्ट धरला. डोळ्यांत पाणी. मला इतका आनंद झाला की मी हसलो. पूर्ण. या कानापासून त्या कानापर्यंत.
मग आठवलं. घाईघाईने गाल पाडला.
जिराफ वाकून बघत म्हणाला, मॅडम, मघाशी डावा होता. आता उजवा पडलाय.
तिने हात सोडला.

१६ तारीख, शुक्रवार
जिराफाला पैकीच्या पैकी. निरीक्षण उत्तम म्हणे. तिला पुढच्या महिन्यात पुन्हा परीक्षा, कारण मधेच जागा सोडली. माझ्यासाठी सोडली! हे प्रेम नाही तर काय?
गेटवर गाठून तसं म्हणालो. ती म्हणाली, तुझ्या जागी वॉचमनकाका असते तरी मी धावले असते. ते निदान खरं आजारी पडले असते. रागात माणूस बोलतो काहीही. सरावाला कधी येऊ विचारलं. नको म्हणाली. मान मिळालीय.
कुणाची, ते विचारलं नाही.

२० तारीख, मंगळवार
दुपारी दोघं दुकानात. जिराफाला नंबर लागलाय. मामा म्हणाला, राजे, माप घ्या.
घेतलं. ती शेजारी उभी राहून फ्रेमा निवडत होती. ही नको, हिच्यात तू मास्तर दिसतोस. हां, ही. त्याला आरशासमोर हनुवटीला धरून इकडे तिकडे वळवलं. या वेळी समोर उभी होती. जराही लाजली नाही.
तो तिच्याकडे बघून हसला. काम म्हणून मला जवळून बघावं लागलं.
डोळे एका रेषेत. नाक सरळ. दोन्ही कान सारख्या उंचीवर. हसताना दोन्ही गाल सारखे. कुठेही दोष आढळला नाही.
जाताना ती थँक्यू म्हणाली. दोघं गेल्यावर मामाने पाण्याचा ग्लास आणून माझ्यापुढे ठेवला.
रात्री आरशासमोर माझी तपासणी. डावा गाल ठीक. उजवा ठीक. भुवया ठीक. गिळताना घशात काहीतरी अडकतं. हाताला मात्र काही लागत नाही.