माझी पेटी कुणाला देऊ नकोस

१७ नोव्हेंबर, रविवार

प्रिय दादा,

नमस्कार. मी बरी आहे. हे पहिल्याच ओळीत लिहिते, म्हणजे पाकिटावर माझं नाव बघून तुझ्या छातीत धस्स झालं असेल तर ते आधी निवळेल. वहिनीला नमस्कार, तुझ्या लेकीला आत्याचे आशीर्वाद. फोन केला की तू "थांब हं, हिला देतो" म्हणतोस आणि वहिनी मला गोळ्यांची नावं विचारते. पत्र तसं दुसऱ्याच्या हाती देऊन तुला सुटता येणार नाही, म्हणून लिहायला बसले.

इकडे सगळं ठीक आहे. दुकान सकाळी चार तास उघडते. एका वकिलांची पंधरा जाडजूड पुस्तकं मागच्या आठवड्यात बांधून दिली. पुठ्ठे शेजारचा सुतार कापून देतो, शिवण आणि खळ माझी. जिन्याला कठडा बसवून घेतला. खालचा नळ अजून गळतोय, पण तो मी धडधाकट होते तेव्हाही गळतच होता.

आता मुद्द्याचं. वहिनी परवा बोलता बोलता म्हणाली, की माझी चाकूंची पेटी तू महिनाअखेरीला त्या जुनं सामान घेणाऱ्याला देऊन टाकणार आहेस. "घरात अडगळ नको आणि तुझ्या दादाच्या जिवाला घोर नको," असं तिचं म्हणणं.

दादा, देऊ नकोस. मी पुढच्या रविवारी पेटी न्यायला येतेय. विचारत नाही, कळवतेय.

आठ महिन्यांपूर्वी मला झटका आला, उजवी बाजू गेली, आणि मी इस्पितळात असताना तू माझ्या कपाटातून ती पेटी उचलून नेलीस. मी तेव्हा काही बोलले नाही. बोलायच्या अवस्थेत नव्हते, असं मी सगळ्यांना सांगते. त्याबद्दल पुढे लिहिते. आधी जरा भांडू दे.

एकट्या बाईला अकरा चाकू कशाला लागतात, हे वहिनीला पडलेलं कोडं आहे. सफरचंद कापायला एक पुरतो म्हणते. पुरतो. पण तिने विचारलं तर समजू शकते, तुला हा प्रश्न शोभत नाही. तुझ्या शिवणाच्या खोलीत सात कात्र्या आहेत. मी दहा वर्षांची होते, तू नुकता कापड बेतायला शिकत होतास, आणि मी तुझ्या कापडाच्या कात्रीने वहीचा कागद कापला. असा धपाटा घातलास की दोन दिवस पाठ दुखत होती. वर आईला म्हणालास, "कागदाने धार मरते, हिला कोण सांगणार?" आई म्हणाली, "तू सांगितलंस ना आत्ता, तिच्या पाठीत." हा नाद मला त्या दिवशी लागला बघ. तूच लावलास, आणि आता तूच नाक मुरडतोस.

पेटी तू उघडून पाहिली असशीलच. पहिल्या कप्प्यात डावीकडे अक्रोडाच्या मुठीचा आहे ना, तो करणारा म्हातारा घरामागच्या पत्र्याच्या खोलीत एकटा काम करतो. वर्षाला तीसेक मिटणारे चाकू, त्याहून जास्त नाही. मी दोन वर्षं थांबले होते त्याच्यासाठी. तो मिटल्यावर पातं मुठीच्या दोन्ही पट्ट्यांच्या बरोबर मधोमध बसतं. दोन्हीकडे फट एका कागदाची, दोन कागदांची नाही. मी खरंच कागद घालून पाहिलाय, बाइंडर आहे मी. उघडताना अंगठ्याने नुसतं ढकललं की पातं स्वतःच्या वजनाने सरकतं आणि शेवटी खटका पडतो तेव्हा आवाज येतो, तो जरा कान देऊन ऐक. नाक्यावरचा चाकूही कापतो, नाही असं नाही. पण तो हातात घेतला की करणाऱ्याला घरी जायची घाई होती, हे लगेच कळतं. माझ्या अकरांपैकी एकालाही घाई झालेली नाही. आयुष्यभर लोकांची घाईची कामं उरकून दिल्यावर असं काहीतरी खिशात असावंसं वाटलं मला. एवढ्या पैशात कपाट आलं असतं, असं वहिनी म्हणते. आलं असतं. पण कपाट खिशात घालून हिंडता येत नाही.

तर हे झालं भांडण. चहा करून आले.

मागच्या महिन्यात तुमच्याकडे जेवायला आले होते. तुम्हाला वाटलं असेल मला काही कळलं नाही. ताटात टोमॅटो आधीच चिरून ठेवलेले होते, वहिनीने पाव हाताने तोडला. तुझ्या लेकीने सफरचंद घेतलं, ओट्याचा खण उघडायला गेली, तू तिच्याकडे बघितलंस आणि ती मुकाट्याने सालीसकट चावून खायला लागली. नंतर मी हात धुवायला म्हणून तुझ्या शिवणाच्या खोलीतून गेले. सातही खुंट्या रिकाम्या होत्या. शिंप्याच्या घरात कात्री नाही, दादा. मला तुझा संताप आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली. घरी येईपर्यंत बसच्या खिडकीबाहेर बघत होते आणि काय दिसलं ते आठवत नाही. पुन्हा माझ्यासाठी घर असं झाडून ठेवू नका. मी तसं पुन्हा जेवणार नाही.

आता ते राहिलेलं.

इस्पितळात, पाचव्या दिवशी, तू माझ्या उशाशी बसला होतास. मी तुला म्हणाले होते, "मला घरी ने, माझी पेटी माझ्याजवळ ठेव आणि दार ओढून घे. म्हणजे तुम्ही सगळे सुटाल." तू तसाच उठून गेलास, आणि संध्याकाळी तुझ्या लेकीकडून कळलं की पेटी तू नेलीस. त्यानंतर मी वहिनीला सांगितलं की ती औषधांची गुंगी होती. तुझ्या लेकीला सांगितलं की मी चेष्टा करत होते. तुला तर काहीच सांगितलं नाही. तू विचारलंही नाहीस.

गुंगी नव्हती. चेष्टाही नव्हती. हात चादरीवर पडला होता आणि तो माझा आहे हे मला बघून ठरवावं लागत होतं. चाळीस वर्षं त्या हाताने सुई चालवली, पुढे काय उरलं ते मला दिसेना. मी म्हणाले ते मनापासून म्हणाले. तू पेटी नेलीस ते बरोबर केलंस. हे लिहायला मला आठ महिने लागले, आणि त्याआधी दोन पानं भांडावं लागलं. पण लिहिलं.

अजून एक आहे. तू नेलेस ते अकरा. बारावा तुला सापडला नाही, कारण तो कपाटात नव्हताच, खाली दुकानात खुंटीवरच्या एप्रनच्या खिशात होता. घरी आल्यावर चौथ्या दिवशी, माझ्या सोबतीला राहिलेली तुझी लेक औषधं आणायला गेली, मी भिंत धरत धरत दुकानात उतरले, सवयीने एप्रन काढला आणि तो हाताला लागला. हे वाचून तू उठून उभा राहिला असशील. बस खाली.

मी तो डाव्या हाताने उघडला आणि स्टुलावर बसले. काय करायचं मनात होतं ते तुला कळतंय, मी लिहीत नाही. पण पात्यावर बिजागरीपाशी खळ वाळून पापुद्रा झाला होता. झटका आला त्या सकाळी मी काम करत होते आणि तसाच बरबटलेला मिटून खिशात टाकला होता. उभ्या जन्मात मी चाकू न पुसता मिटलेला नाही. मला ते बघवेना. फडकं ओलं केलं. उजवा हात वजनासारखा मुठीवर ठेवला, म्हणजे चाकू हलणार नाही, आणि डाव्याने पुसायला लागले. मग काडीला कापूस गुंडाळून बिजागरीच्या आत. मग तेलाचा एक थेंब. धडधाकट हाताचं पाच मिनिटांचं काम, मला सगळी दुपार लागली. तुझी लेक येऊन वर शोधाशोध करून खाली आली तेव्हा मी पुसतच होते. ती दारात पांढरीफटक. मी तिला म्हणाले, "मला भूक लागलीय." खरंच लागली होती, इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

तिला त्याच दिवशी सगळं खरं सांगितलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनाही सांगितलं, आणि त्यांच्या सांगण्यावरून मी अजून दर पंधरा दिवसांनी एका बाईंकडे जाऊन बोलते. तुला सांगू नको अशी तुझ्या लेकीला मीच शपथ घातली होती. तिला रागवू नकोस. माझ्यावर रागव.

मला हाताचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी स्पंजचा चेंडू दिला होता. दाबून दाबून कंटाळले. मी त्यांना तो बारावा चाकू दाखवला, उजव्या अंगठ्याने पातं ढकलते म्हटलं. त्यांनी आधी कपाळाला हात लावला, मग म्हणाल्या, धारेवर चिकटपट्टी लावून आणा. पुस्तकाच्या कण्याला लावतो ती कापडी पट्टी लावली. पहिले कितीतरी आठवडे अंगठा नुसता घसरायचा. एका मंगळवारी पातं अर्ध्यावर गेलं, आणि त्यानंतर नवव्या दिवशी खटका पडला. त्या दवाखान्यातल्या सगळ्या पेशंटांनी मान वळवून बघितलं, इतकी मोठ्याने रडले मी. डॉक्टरांना विचारूनच पट्टी काढली, त्यालाही आता तीन महिने झाले. रोज सकाळी दुकान उघडताना दोरे त्यानेच कापते.

तेव्हा, तू बरोबर होतास. पण ते तेव्हा. आता पेटी तुझ्याकडे राहिली तर तू एका बाईला सांभाळतोयस जी आता इथे राहत नाही. मी एकसष्ट वर्षांची आहे आणि मला माझ्या वस्तू परत हव्यात.

आणि एक कागाळी. तुझी लेक सांगत होती की दुपारी वहिनी आडवी झाली की तू पेटीतून एक चाकू काढतोस आणि मशीनवर बसून उघडतोस, मिटतोस, उघडतोस. शिवणीचे दोरेही कापतोस म्हणे. आणि तो त्या करड्या मुठीचाच. मला खूप हसू आलं. ती मूठ कशाची आहे ठाऊक आहे का तुला? कापडाची. तागाच्या कापडाचे थर राळेत बुडवून, दाबून, दगडासारखे घट्ट केलेले. कडेला नीट बघ, उभे आडवे धागे दिसतील. अकरांतून तू बरोबर तोच उचललास.

तो तुझ्याकडे ठेव. पण फक्त दोऱ्यांसाठी. रंगाच्या डब्याचं झाकण त्याने उचकटलंस आणि टोक मोडलं, तर बहीण म्हणून माझं तोंड बघू नकोस.

बाकीचे दहा मी न्यायला येतेय, सकाळच्या बसने. पेटी वहिनीकडून पाठवू नकोस आणि दाराशी काढूनही ठेवू नकोस. तू स्वतः माझ्या हातात दे, उजव्या. पेटी जड आहे आणि हात थोडा थरथरेल. तुला भीती वाटेल हे मला माहीत आहे, मलाही कधीकधी वाटते. तू भीत भीत दे, पण दे.

जिवंत आणि हट्टी,
तुझी
बारकी