कॅप्टनच्या नावाचं गाणं

पाली, जि. रत्नागिरी
९ डिसेंबर २०२५

चि. लवू,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. भात झोडून झालं. कुळथाचं पीठ आणि आमसुलं अनिलबरोबर पाठवते आहे, तो गुरुवारी तुझ्याच बोटीवर परत निघतोय. पीठ भटारखान्यात सगळ्यांना वाटून टाकू नकोस. फोनवर बोलायचं तर दिशा शेजारी उभी असते, आणि बोलणं अवघड झालं की तुझी रेंज जाते. म्हणून पत्र.

आधी तक्रार. दर रविवारी व्हिडिओवर लेकीला इटालियन गाणी शिकवायचं तुझं खूळ आता माझ्या शाळेत पसरलं आहे. दिशा रविवारी शिकते आणि सोमवारी मधल्या सुट्टीत अख्ख्या तिसरीला शिकवते. शब्द इटालियन, चाल मात्र जाखडीची, कारण पोरांना तीच येते. गोल धरून, पाय आपटून. सुट्टी संपली तरी थांबत नाहीत; पलीकडे चौथीला भागाकार शिकवणं अशक्य झालं आहे.

मागच्या आठवड्यात केंद्रप्रमुख तपासणीला आले. पोरं उभी राहिली आणि एका सुरात ‘बोन्जोर्नो’ म्हणाली. साहेबांनी विचारलं, “बाई, हा कुठला उपक्रम?” मी म्हटलं, “माझ्या भावाचा.” खिचडी वाढणारी चिमा तेवढी वैतागली होती. “बाई, पोरां नुसती ‘अंकोरा अंकोरा’ करतात. आणखी हवी तर मराठीत मागायला काय होतंय ह्यांना?” दुसऱ्या दिवशी बघते तर तीच डाव हातात धरून पोरांना विचारते आहे, “बास्ता?” म्हणजे पुरे का!

मी सगळं बंद करणार होते. तेवढ्यात एक नवं गाणं कानावर आलं. ‘कापितानो, कापितानो, मांदा पापा आ काझा.’ दिशाला बोलावलं.

“ह्याचा अर्थ काय?”

“कॅप्टन, कॅप्टन, बाबाला घरी पाठव.”

“कुणी शिकवलं?”

“मीच केलं. बाबाला एकेक शब्द विचारला.”

“कशाला?”

“अगं आत्या, बाबा म्हणतो कॅप्टन सोडत नाही. तो इटालियन आहे ना! मराठीत अर्ज केला तर त्याला कळणार कसा?”

शाळेत ती मला बाई म्हणते. त्या दिवशी विसरली.

‘पाठव’ला काय म्हणतात, हे तिने तुला विचारलं होतं ना? तू सांगितलंस. कशाला हवंय ते विचारलं नाहीस.

एकटीच्या आवाजाने कॅप्टन बधणार नाही असं तिला वाटतं, म्हणून सगळ्या वर्गाचा सराव. शमिकाने शब्द खाल्ला तर तिच्यावर ओरडते, “नीट म्हण, नाहीतर माझा बाबा तिथंच राहील!” शमिका रडते आणि परत म्हणते.

परवा अनिल बाजारात भेटला. मी म्हटलं, तुमचा कॅप्टन आहे तरी कसला राक्षस? तो म्हणाला, “ताई, कॅप्टन कशाला अडवील? करार संपला की माणूस मोकळा. लवूदादाने स्वतःच मुदत वाढवून घेतली. दोनदा.” आणि मग जीभ चावली. त्याला काही बोलू नकोस. तो खोटं बोलला नाही एवढाच त्याचा गुन्हा.

नम्रताच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तू घराला कुलूप लावलंस, किल्ली आणि पोर माझ्याकडे दिलीस आणि निघालास. तेव्हा मी तुला अडवलं नाही. तिच्याशिवाय त्या घरात पाऊल टाकणं तुला जमेना, ते मला दिसत होतं. पण त्याला आता दीड वर्ष झालं, लवू. ती पोर एका परक्या माणसाचा राग करते आहे, आणि त्या बिचाऱ्याला तिचं नावही ठाऊक नसेल.

रोज विचारते, “कॅप्टनला गाणं कधी ऐकवायचं?” मी ‘बघू’ म्हणते. पोरांना ‘बघू’ म्हणून वाटेला लावणाऱ्या आईबापांना मी पालकसभेत झापते. आता ते तुझ्यापायी मलाच करावं लागतंय. यापुढे मी तिच्याशी खोटं बोलणार नाही, आणि खरं सांगणं हे माझं काम नाही.

काल गाणं मोबाइलवर घेतलं आणि अनिलच्या मोबाइलमध्ये दिलं. कॅप्टनला त्रास देऊ नकोस. तू ऐक. मध्ये कुणीतरी शिंकलं आहे आणि दिशाने त्याला अस्सल मराठीत फटकारलं आहे, अगदी नम्रतासारखं. तेही ऐक. मग उत्तर तिला तू द्यायचंस, तुझ्या तोंडाने, समोर बसून.

घर मी आधी उघडून, झाडून ठेवणार नाही. तू आलास की आपण तिघं मिळून जाऊ. तुला पुढे व्हायला सांगणार नाही. कुलूप मी काढीन. दिशा मध्ये राहील.

‘वाट पाहते’ असं लिहायची मला सवय नाही. या वेळी लिहिते.

तुझी
ताई